पलीकडचा वाटा

टेक्ससमधल्या अर्विंगच्या त्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये प्रल्हाद मोंडकरचं घर कुणाला नंबरावरून शोधावं लागत नसे. दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत विजेची शेगडी मांडून हा गडी रविवारी मासे तळायला बसला, की वास जिना उतरून स्वतःच लोकांना बोलवायला जायचा. खालच्या पार्किंगमधून शैलेंद्र ओरडायचा, "मोंडकर, यार, आज कुणाचा नंबर लागला?" शैलेंद्र नागपूरचा, एकटा राहणारा. ओरडून झालं की दहा मिनिटांत तो ताट घेऊन वर.

प्रल्हादची बायको वीणा पुण्याची. लग्नाआधी तिनं मासा पाहिला होता तो काचेच्या पेटीत पोहणारा. "बाल्कनीत काय हवं ते कर, किचनमध्ये नाही," एवढ्या एका करारावर त्यांचा संसार सुखानं चालला होता.

हा प्रल्हाद कोकणातल्या आचऱ्याजवळच्या एका वाडीतला. बाप रापणीवरचा. रापण म्हणजे ते अर्ध्या समुद्राला मिठी मारणारं लांबच लांब जाळं. होडीनं ते पाण्यात गोल टाकून यायचं आणि दोन्ही टोकांचे दोर साऱ्या वाडीनं किनाऱ्यावरून ओढायचे. मुलगा शिकला, मुंबईत कॉम्प्युटरवर बसला, तिथून टेक्ससला आला. दिवसभर कुणाकुणाचे डेटाबेस सांभाळायचा आणि शनिवारी गळ घेऊन डॅलसच्या आसपासच्या तळ्यांवर जायचा. तळ्यातल्या माशाला मातीचा वास. लिंबू चोळा, कोकम लावा, तो वास काही जात नसे. तरी तो जायचा. पाण्याकडे बघत बसायला काहीतरी निमित्त लागतं.

दोन वर्षांमागं, २००४ च्या हिवाळ्यात, गावाहून फोन आला. बाप गेला. ग्रीन कार्डाचा अर्ज अडकलेला होता. वकील म्हणाला, "आता देशाबाहेर पाऊल टाकलंत, तर परत येऊ द्यायचं की नाही ते माझ्या हातात नाही." प्रल्हादनं बॅग भरली, उपसली, पुन्हा भरली आणि शेवटी पलंगाखाली सरकवली. बापाला अग्नी चुलतभावानं दिला.

त्या आठवड्यात कॉम्प्लेक्समधली सहा घरं त्याच्या कार्पेटवर येऊन बसली. खालच्या मजल्यावरची शुभा रोज वरणभात घेऊन यायची. तिचा नवरा अनिल नुसता शेजारी बसून राहायचा. एरवी पार्किंगमधून ओरडणारा शैलेंद्र तेव्हा पाय न वाजवता जिना चढायचा.

यंदाच्या मे महिन्यात आये आली. अहिल्याबाई. सगळा जन्म डोक्यावर माशांची पाटी घेऊन काढलेली बाई. आली ती सोबत सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, कोकमं आणि वाडीतल्या तीस घरांच्या गजाली घेऊन. कुणाची होडी फुटली, कुणाची सून पळाली, सगळं सांगून झालं. नवऱ्याच्या मरणाबद्दल मात्र अवाक्षर नाही. 'तू येवक नाय' असंही नाही. प्रल्हादला तोंडावर बोललेलं चाललं असतं. हे न बोलणं त्याच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं. बाप जाताना रागावला होता का, एवढंच त्याला विचारायचं होतं. पाच महिने जीभ उचलली नाही, आणि आता पुढच्या गुरुवारी आयेचं विमान.

तिचं खाणंही तुटलं होतं. इंडियन दुकानातलं बर्फाळलेलं पापलेट तिनं हातात घेतलं, दाबलं, हुंगलं आणि परत ठेवलं. "ह्यो मासो बापजन्मात पाण्यात नव्हतो," म्हणाली. मग एके दिवशी भांडी पुसता पुसता तिनं सांगितलं, "झिला, जाण्याआधी माका एकदा दर्यावर ने. माका वाटे घालूचे आसत."

"कोणाक?"

"जे तुज्या दुखात बसले, तेंका."

आता वाटा म्हणजे काय, हे रापणीवर वाढलेल्याला सांगावं लागत नाही. जाळं किनाऱ्याला लागलं की माशांचे वाटे पडतात. जाळ्याचा, होडीचा, देवाचा, मग दोराला हात लावलेल्या प्रत्येकाचा. आजारी पडून घरी राहिलेल्याचाही. आणि वाटे पडून ज्याचे त्याच्या घरी पोचल्याशिवाय आयेच्या घरात त्यातला एक मासा चुलीवर चढत नसे.

शुभाला हे कळलं तेव्हा ती जरा कचरली. "मावशी, आम्ही नाही हो खात."

"गो बाये, वाटो घेवक दात लागनत नाय," आये म्हणाली.

शुक्रवारची आणि सोमवारची सुट्टी टाकून प्रल्हादनं गाडी काढली. वीणानं डबे भरून दिले आणि जुना कूलर पुढं केला. "हा न्या. नव्याला वास लागला तर मी दोघांनाही घरात घेणार नाही." सात तास गाडी हाकून मायलेक समुद्रकाठच्या रॉकपोर्टला पोचले. आये वाटभर झोपली होती. शहर मागं पडून वारा खारट झाला तेव्हा न उठवता जागी झाली आणि काच खाली करायला सांगितली.

प्रल्हादनं लायसन्स घेतलं. नियम विचारून घेतले: रेडफिश दिवसाला तीन, ठरल्या मापाचेच, आणि डोकं-शेपटी घरी पोचेपर्यंत शाबूत हवी. आयेला त्यानं ते मालवणीत सांगितलं.

"डोक्यासकट व्हयो? मगे कायदो करणारो शाणो आसा. टकलेतच खरी चव."

प्रल्हादनं मनातल्या मनात मांडणी केली. शुक्रवारी तीन, शनिवारी तीन, रविवारी तीन. सहा घरांचे सहा, राहिलेले तीन आयेला. टकलीची कढी, तुकड्यांचं तिखलं. जाण्याआधी आये एकदा पोटभर जेवेल. आणि जेवून हात धुताना, कदाचित, बोलेल.

खाडीवरच्या लाकडी धक्क्यावर पहिला मासा लागला तेव्हा आयेनं पदर खोचला. तांब्याच्या रंगाचं, शेपटीशी काळा टिळा लावलेलं जनावर. तिनं कल्ल्यात बोट घालून त्याला उचललं, उलटंसुलटं केलं आणि हसली. पाच महिन्यांत प्रल्हादनं ते हसू पाहिलं नव्हतं.

"ही तर आपल्या घोळीची भैन रे! हय येवन रवली काय?"

शुक्रवारी तीन मिळाले. मोटेलच्या खोलीत दोन गॅसची छोटी चूल होती. प्रल्हाद म्हणाला, "आये, एक करूया. ताजो आसा."

"वाटे पडले?"

"आये, वाटे अर्विंगात. सात तास लांब."

"मगे सात तास थांब."

दोघांनी वीणाच्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. मासे पोट साफ करून कूलरमध्ये बर्फात झोपले. शनिवारी आणखी तीन मिळाले आणि रात्री मेथीचे पराठे. मोटेलभर बाकीच्या खोल्यांतून मासे तळल्याचा घमघमाट येत होता, आणि दर्यावर जन्म काढलेली ही बाई आंब्याच्या लोणच्याशी पराठा खात बसली होती. प्रल्हादला हसू आलं आणि आतून काहीतरी तुटलंही.

रविवारी उजाडताना गळाला जो झटका बसला तो आदल्या सहांपैकी कुणी दिला नव्हता. दोर ताणला, सुटला, पुन्हा ताणला. आये धक्क्यावर उभी राहून सूचना करत होती, "ओढू नको! जावंदे तेका! आता घे, मेल्या, आता घे!" मासा वर आला. मापात बसणारा, पण काठोकाठ. प्रल्हादनं त्याच्या ओठातून दोरी ओवून त्याला धक्क्याला बांधून पाण्यातच सोडला. जिवंत राहील, निघेपर्यंत ताजा. हा आयेचा.

मग आयेनं कूलर उघडला आणि ओल्या फळ्यांवर बर्फातले सहा मासे अंतरा-अंतरावर मांडले, किनाऱ्यावर मांडायची तसे. बोटानं दाखवत नावं घेतली. हा शुभाचा, हा त्या नागपूरच्या झिलाचा, हा समोरच्या घरातल्या तेलुगू बाईचा. एकेका नावाला मासा थोडा सरकवून सरळ करत होती.

"गुड मॉर्निंग," मागून आवाज आला. टोपी, बिल्ला, कमरेला पट्टा. मासेमारीवर नजर ठेवणारा वॉर्डन. तरुण होता, बोलायला मऊ. लायसन्स बघितलं. फळ्यांवरचे मासे मोजले. मग दोरी वर उचलून पाण्यातला पाहिला.

"हे सगळे तुमचे?"

"यातले सहा आधीच्या दोन दिवसांचे आहेत," प्रल्हाद म्हणाला. "दिवसाला तीन. आज नवा दिवस. आजचा हा पहिलाच."

"दिवस नवा आहे, सर. कूलर जुनाच आहे ना?"

मग त्यानं समजावून सांगितलं. दिवसाला किती पकडायचे हे एक, आणि जवळ किती बाळगायचे हे दुसरं. प्रवासाला आलेल्या माणसाजवळ घरी पोचेपर्यंत दोन दिवसांचेच असू शकतात, म्हणजे सहा. मोटेलच्या फ्रिजमधले, गाडीतले, बर्फातले, सगळे धरून. "लोक साधारणपणे रात्री दोनतीन खाऊन टाकतात," तो म्हणाला. "पोटात गेलेले मी मोजत नाही. तुम्ही दोन रात्री इथं होतात. एकही खाल्ला नाहीत?"

"नाही."

"मग काय खाल्लंत?"

"पराठे," प्रल्हाद म्हणाला. वॉर्डनला पराठा कळला नाही, पण चेहरा कळला.

"काय म्हणता तो?" आयेनं विचारलं.

प्रल्हादनं सांगितलं. आये मांडलेल्या माशांकडे बोट दाखवून म्हणाली, "तेका सांग, हे तुजे नाय. सहा घरांचे सहा. तुज्याकडे एकव नाय."

प्रल्हादनं तेही इंग्रजीत सांगितलं. वॉर्डननं टोपी मागं सरकवली. "मॅडम, त्या सहा घरांतलं कुणी इथं आहे?"

"नाही," प्रल्हाद म्हणाला.

"मग माझ्या दृष्टीनं सगळे यांचेच. दंड नाही करत. तो जिवंत आहे, सोडून द्या. मी तिकडं टोकापर्यंत जाऊन येतो." तो जायला वळला आणि थांबला. "पुढच्या वेळी, प्लीज, थोडं जेवा."

त्याचे बूट धक्क्यावर वाजत लांब गेले. प्रल्हाद दोरी धरून उभा राहिला. पाण्यात तो तांबडा मासा सावकाश शेपूट हलवत होता.

"आये, ह्यो तुजो होतो," तो म्हणाला. "सगळे वाटे घातलंस. तुका काय रवला?"

आये धक्क्याच्या कडेला आली. मग गुडघ्यावर हात ठेवून फळ्यांवर बसली.

"तुजो बापूसव असोच सोडायचो."

"काय?"

"तू हय येवन बसलंस ना, तेव्हापासून. वाटे पडले की तुजोव एक काढायचो. लोक म्हणत, अरे, तो खंय दोर ओढूक आयलो? तर म्हणायचो, आजारी माणसाचो काढतंत, परदेशातल्याचो काढूक काय झाला? एक जित्तो मासो बघायचो आनि पाण्यात नेवन सोडायचो. हसत लोक. मोंडकरान पाण्यातला पाण्यात घातल्यान म्हणत. तर म्हणायचो, पलीकडे माजो झील आसा. पाणी एकच मां?"

प्रल्हादला दोरी हातात आहे हेही कळेना.

"किती दिवस?"

"दोर ओढूक हात होते तवसर. मगे खाटेवर पडलो. तेवाव रापण लागली की विचारायचो, झिलाचो काढलास? मी जावन सोडून येय."

जे पाच महिने विचारायचं राहिलं होतं, ते आता तोंडातून आपोआप बाहेर पडलं. "मी येवक नाय, तेचो राग नव्हतो?"

आयेनं त्याच्याकडे पाहिलं, लहानपणी नापास झाल्यावर पाहायची तसं. "राग आसलो तर वाटो कोण काढता रे?"

प्रल्हाद धक्क्याच्या बाजूनं उथळ पाण्यात उतरला. पँट गुडघ्यापर्यंत भिजली. त्यानं माशाच्या ओठातली दोरी काढली. मासा दमला होता, कलला. त्यानं एक हात पोटाखाली आणि एक शेपटीशी धरून त्याला पुढंमागं हलवलं, कल्ल्यांतून पाणी जाऊ दिलं, बापानं शिकवलेलं तसं. मासा हाताशी बराच वेळ राहिला. मग एकदा जोरात शेपूट मारली, प्रल्हादच्या तोंडावर पाणी उडवलं आणि गेला. तो काळा टिळा तेवढा क्षणभर दिसला.

प्रल्हाद तसाच वाकून उभा होता. हात रिकामे, पाण्यातच.

वर धक्क्यावर आयेनं सहाही मासे एकेक करून कूलरमध्ये ठेवले, झाकण लावलं, खाडीचं पाणी घेऊन फळ्या धुतल्या.

"येतंस मां?" तिनं हाक मारली. "बरफ इरघळता. शुभा वाट बघीत आसतली."