ग्रेडर न झालेले मामा

कॅनचं झाकण उघडलं की मामा डोळे मिटून घ्यायचे. एकच श्वास ओढायचे आणि निकाल सांगून मोकळे व्हायचे. "सांजचं दूध सकाळच्यात मिसळलंय, मॅडम. परत लावा." मग मी प्रयोगशाळेत नमुना तपासायची आणि दरवेळी मामाच बरोबर निघायचे. एम.एस्सी. झालेल्या माझ्यासारखीला हे सुरुवातीला चांगलंच झोंबायचं.

राधानगरी भागातल्या दूध संस्थांचे कॅन टेम्पोतून आमच्या केंद्रावर यायचे. वास घेऊन दूध ठेवायचं की परत पाठवायचं, हे ठरवतो तो ग्रेडर. आमचे ग्रेडर आत खुर्चीत बसून रजिस्टरवर सह्या करायचे आणि बाहेर वास घ्यायचे ते मामा. बारा वर्षं हे असंच चाललं होतं. कागदावर मात्र मामा 'कॅन धुणार' होते.

शेवटचा टेम्पो रिकामा होईपर्यंत ते चहा घ्यायचे नाहीत, तंबाखूला शिवायचे नाहीत. "नाक म्हंजे नव्या सुनंगत हाय, जरा बिनसलं की रुसतंय," म्हणायचे. एकदा मलाच सुनावलं, "मॅडम, तुमची पावडर जरा लांब उभी करा की." मी हसत हसत चार पावलं मागे सरले. त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याच्या संस्थेचे कॅन आले तेव्हाही त्यांनी तोंड बघितलं नाही. "पावणं, दूध आंबलंय, नातं न्हाय. घिऊन जावा."

खुर्चीतले ग्रेडर निवृत्त झाले आणि मामांनी त्या जागेसाठी अर्ज केला. अर्जासोबत कामाचा अहवाल मी द्यायचा होता. मामा प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. "मी काय करतोय, एवढं खरं लिवून द्या. बाकीचं मी बघतो." मी हो म्हटलं.

संध्याकाळी व्यवस्थापकांनी मला बोलावलं. "बौद्धवाड्यातला माणूस ग्रेडर म्हणून सही करायला लागला, तर संस्था दूध घालायच्या बंद होतील. दहावी पास नाही, एवढंच लिहा." कोणती संस्था, कोण असं म्हणालं, मी विचारलं नाही. बारा वर्षं प्रत्येक कॅनचं झाकण मामांच्याच हातांनी उघडत होतं आणि एकाही गावाचं दूध त्यानं बाटलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं. तरी त्यांनी सांगितलं तेवढंच मी लिहिलं, तेही वळणदार अक्षरात.

त्या जागेवर साहेबांचा एक नातलग आला. दहावी नापास. त्याला वास घ्यायला शिकवलं मामांनीच.

नकाराचं पत्र आणि त्याला जोडलेला अहवाल घेऊन मामा माझ्याकडे आले होते. अक्षर माझंच होतं आणि ते त्यांनी ओळखलं असणार. भांडले नाहीत. "शिवी दिली असती तर तक्रार तरी करता आली असती. ह्यात बोट कुठं ठेवायचं?" एवढं बोलले आणि कॅन धुवायला गेले. निवृत्त होईपर्यंत ते धुतच राहिले.

गेल्या वर्षी कार्यालयात भेदभावाच्या कायद्यावर प्रशिक्षण झालं. मला वाटायचं, भेदभाव म्हणजे शिवीगाळ, वेगळा कप, वेगळा माठ. शिकवायला आलेल्या वकीलबाई म्हणाल्या, "जी अट एकाला लावली आणि दुसऱ्याला माफ केली, ती अट नव्हे, निमित्त. जात बघून जागा नाकारणं बेकायदेशीर आहे, मग कागद कितीही स्वच्छ असो." मला तिथं बसवेना. बोट कुठं ठेवायचं ते मला कळलं होतं, पण फार उशिरा. मी घडलं ते सगळं लिहून काढलं, खाली सही केली आणि मामांच्या गावी गेले.

मामा जाऊन आठ महिने झाले होते. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि का कळवावं?

मी मामींना कागद वाचून दाखवला. लागेल तिथं येऊन साक्ष देईन, असंही म्हटलं.

"मॅडमची कायतरी अडचण असंल, न्हायतर त्यांनी लिवलंच असतं, असं शेवटापतूर म्हणायचे बगा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून त्यांनी सरळच विचारलं, "काय अडचण हुती वो?"

माझी नोकरी पक्की होती. साहेब वर्षभरात बदलून जाणार होते. अडचण कसलीच नव्हती.