थोडा आवाज राहू द्या

"थोडा राहू द्या, बाई," असं म्हणत चाचा माझ्या स्कूटीच्या सायलेन्सरमागे उघडा तळहात धरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. वैद्य नाडी बघतो तसं. मग मान हलवायचे, म्हणजे काम झालं. स्कूटी मात्र आधीसारखीच फाटक्या आवाजात ओरडत असायची.

नागभीडला रेल्वे फाटकाजवळ त्यांचं टिनाचं दुकान होतं. सायलेन्सर वेल्डिंग करायचे, दुसरं काही नाही. चाळीस वर्षं गाड्यांचा कल्ला ऐकून कान गेलेले, म्हणून आवाज हातानं तपासायचे. मी नर्स. जंगलातल्या उपकेंद्रावर रोज पहाटे त्याच स्कूटीनं जायची. मी गावात शिरायच्या आधी त्या आवाजानंच माझी वर्दी पोचायची आणि लस घ्यायची पोरं कणग्यांमागे लपून बसायची. तुम्हीच सांगा, अशा गाडीवर कोण नर्स खूश राहील?

"चाचा, तुम्हाले काम येत नाई, असं लोक म्हणून राह्यले," एकदा मी चिडून ओरडले. त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागे.

"म्हणू द्या. जंगलाच्या त्या रस्त्यानं जाणाऱ्या गाडीले मी पुरी गप नाई करत."

"काऊन?"

त्यांनी वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढून घेतली. विषय संपला.

मग एक दिवस ती लाल स्पोर्ट्स कार आली. गावातल्या भातगिरणीच्या मालकांनी ती नागपूरहून जुनी घेतली होती. बॉनेटला लिंबू-मिरची बांधलेली. जंगलाकाठी त्यांचं नवं रिसॉर्ट होतं आणि रोज सकाळी ते माझ्याच रस्त्यानं तिकडे जायचे.

"चाचा, या गाडीत काहीतरी आहे," साहेब हळूच म्हणाले. चाचांना ते ऐकू आलं नाही, म्हणून सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणावं लागलं. "सुरू केली की डरकाळी फोडते. मग आपोआप गप होते. मी कशाला हातही लावलेला नसतो. आधीच्या मालकाचं विचारलं तर दलाल विषय बदलतो."

चाचा हसले नाहीत. गाडी दोन फळ्यांवर चढवून खाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मग मागच्या नळीत टॉर्च धरून मला हाक मारली.

"बाई, इकडे या. याच्यात दार आहे."

मी वाकून पाहिलं. नळीच्या आत लोखंडाची एक गोल चकती होती. साहेबांनी चालू गाडीचा अॅक्सिलरेटर दाबला आणि ती अंधारात सावकाश फिरली, कुणी झोपेतून डोळा उघडावा तशी. मी दचकून मागे सरले.

चकतीपासून निघालेली रबराची बारीक नळी चाचांनी बोटानं चाचपत इंजिनापर्यंत नेली. ती उपसली तर छपराचे टिन थरथरले. पुन्हा बसवली तर गाडी शांत.

"इंजिनाच्या ओढीनं दार झाकून राह्यते. ओढ तुटली का उघडते," ते साहेबांना म्हणाले. "भूत नाई. झाकाले जोर लागते, उघडाले नाई."

"मग कायमचं झाकून टाका. माझ्या पाहुण्यांना शांतता पाहिजे."

चाचांचा हात थांबला. आणि जे उत्तर मला कधी मिळालं नव्हतं ते त्यांनी त्या दिवशी दिलं.

त्या रस्त्यावर नाल्याजवळ एक वळण आहे. तिथे जवळच्या गावच्या बाया मोहफुलं वेचायला पहाटे जमतात. पूर्वी दुधाचा एक टेम्पो तिथून गडगडत जायचा. तो गेला की मगच आत शिरायचं, अशी रीत होती, कारण त्या आवाजानं वाघ सरकायचा. चाचांनी एका वर्षी मोहाच्या दिवसांत त्या टेम्पोचा सायलेन्सर नवा केला. इतका सुरेख, की मालकानं पेढे दिले. दुसऱ्या दिवशी बायांनी टेम्पो जाताना पाहिला आणि सवयीनं आत शिरल्या. वाघानं काही ऐकलंच नव्हतं. चाचांना दरवर्षी राखी बांधणारी बाई परत आली नाही.

"पेढे मी खाल्ले होते, साहेब," चाचा म्हणाले.

चाचांनीच तोड काढली. त्या रबरी नळीत एक छोटा विजेचा खटका टाकला आणि बटण स्टीअरिंगजवळ आणलं. ते दाबलं की ओढ तुटणार, दार उघडणार. "गावात झाकून ठेवा. नाल्याच्या मोडावर आले का दाबा. जबान द्या." साहेबांनी जबान दिली आणि पाळलीही. दोन मोसम ती लाल गाडी वळणावर डरकाळी फोडून जायची.

पुढे ती विकली गेली आणि माझी जुनी स्कूटीही मोडीत निघाली. त्या मोसमात सत्तरी उलटलेले चाचा स्वतः जुन्या मोटरसायकलचा सायलेन्सर काढून पहाटे वळणावरून जाऊ लागले.

"चाचा, तुम्हाले तर आयकूच येत नाई," मी म्हटलं.

"मले नाई. त्याले येते ना."

मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि भीतीही. हिवाळ्यात ते गेले. त्या गावच्या बाया पायी आल्या आणि कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या.

यंदा मोह पडायला लागला तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आता वळणावर आवाज कोण करणार? माझी नवी स्कूटी बॅटरीवर चालते, तिला सायलेन्सरच नाही. म्हणून पहिल्याच सकाळी मी पितळेची थाळी आणि पळी घेऊन निघाले. उजाडायच्या आधी वळणावर पोचले आणि बायांची वाट बघत थांबले. वीसेक मिनिटं झाली असतील. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

बाया टोपल्या घेऊन आल्या आणि माझ्यापाशी न थांबता जंगलाकडे वळल्या.

"थांबा! अजून एकही गाडी गेली नाई."

"गेली ना वो बाई, आत्ताच," पुढची म्हातारी म्हणाली. "चाचाची. तुमच्या समोरून तं गेली."

मी थाळीवर मारायला पळी उचलली. तेवढ्यात आत, अगदी जवळ, वानर खाकरलं. वाघ उठला की वानर तसं ओरडतं. मग दुसरं, जरा दूर. मग तिसरं, नाल्यापलीकडे. तो निघून चालला होता.

म्हातारीनं पदर खोचला. तिच्यामागे एकेक करून सगळ्या बाया आत शिरल्या.

मी थाळी अजून वाजवलीच नव्हती.