मुखवट्याचं ठिगळ

आमच्या भावकीत देवीचा पितळी मुखवटा एकच. वर्षभर आमच्या देव्हाऱ्यात असतो आणि यात्रेला पालखीत बसतो. सासरे वारले, त्याच्या दुसऱ्या वर्षी चुलत सासऱ्यांनी भर पारावर काढलं, "थोरल्यानं खरा मुखवटा इकला. ह्यो दुसराच हाय." मेलेला माणूस उत्तर काय देणार? तेव्हापासून आम्ही चोराच्या घरचे.

मुखवट्याच्या कानाची पाळी फार पूर्वी तुटली होती. तो तुकडा चुलत सासऱ्यांच्या देव्हाऱ्यात असतो, आणि तो खरा हे दोन्ही घरांना मान्य. म्हणून दिरांनी सांगलीहून एक मॅडम आमच्या घरी आणल्या. त्या जुन्या वस्तूंचा धातू लेसरने तपासतात. तुकडा आणि मुखवटा जुळतो का, एवढंच बघायचं होतं.

मुखवट्याला हात लावू नका, असं मॅडमनी फोनवर बजावलं होतं. दिरांनी ते मला सांगितलंच नाही. पाहुण्यांसमोर देव काळा कसा ठेवायचा, म्हणून मी सकाळी चिंच आणि राखेने घासून लख्ख केला. आंबटाने वरच्या थरातला धातू बदलतो, म्हणत मॅडमनी कपाळाला हात लावला.

"आवं वैनी, कशाला घासला?" दीर सगळ्यांदेखत म्हणाले. असा संताप आला!

मॅडमनी सगळ्यांना डोळ्यांवर लावायला चष्मे दिले. तुकडा घेऊन आलेल्या चुलत सासऱ्यांनी आपल्या चष्म्यावरच तो चढवला आणि विचारलं, "किती वर्साचा हाय, सांगा."

"आजोबा, यंत्र वय सांगत नाही. धातूत काय काय आहे तेवढं सांगतं."

"ते ऱ्हाऊ द्या. किती वर्साचा?"

हे तीनदा झालं.

मॅडमनी आधी तुकडा तपासला, मग लेसरचा डाग दिसू नये म्हणून मुखवट्याची मागची खालची कड. बारीक ठिणगी उडाली. यंत्राच्या पडद्यावर दोन्हींच्या धातूंच्या रेषा जुळेनात. तुकड्यात शिसं होतं, कडेत नव्हतं.

"बगा! म्या काय म्हणत हुतो?" चुलत सासरे मांडीवर थाप मारून म्हणाले. आमच्या ह्यांनी मान खाली घातली.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ठिणगी उडाली ते तांबटाने लावलेलं ठिगळ होतं. मुखवटा एकदा पालखीतून पडून कड फुटली होती. लग्नानंतर पहिल्या वर्षी घासायला बसले तेव्हा सासूबाईंनीच बोट धरून ती जागा दाखवली होती. दरवर्षी तो सांधा माझ्या नखाला लागतो. एरवी काळपटपणात दिसतोही, पण सकाळी मीच तो घासून दिसेनासा केला होता.

चुलत सासऱ्यांपुढे मी कधी तोंड उघडलेलं नाही. पण दुसरं कोण बोलणार? त्यांच्याकडे न बघता मॅडमजवळ गेले. "तितं न्हाई मॅडम. ते ठिगळ हाय. कपाळाच्या मागं बगा."

मॅडमनी नख फिरवलं. "काकू, आधी का नाही बोललात?"

विचारलं कुणी? असं मनात म्हणत मी मुखवटा पालथा करून कपाळामागची जागा दाखवली.

कपाळामागे एकाच जागी पुन्हा पुन्हा ठिणगी मारली, वरचा थर गेला आणि रेषा जुळल्या. तुकडा याच मुखवट्याचा दिसतो, असं मॅडम म्हणाल्या.

चुलत सासऱ्यांनी वरचा चष्मा काढला. "मशिनीला काय कळतंय?" म्हणाले आणि तुकडा घेऊन निघून गेले. सासऱ्यांना पुन्हा चोर म्हणाले नाहीत. चुकलो असंही म्हणाले नाहीत.

यंदा यात्रेला मुखवटा घासताना मी तो सांधा काळाच ठेवला. जाऊबाई म्हणाली, "आवं, तितं ऱ्हायलंय."

ऱ्हाऊ दे म्हटलं.