वाळूचे वाफे

“एवढी जागा पडलीय, आणि कोणी साधं अळूसुद्धा लावलेलं नाही,” माझ्या मागे पप्पा हळूच आईला म्हणाले.

समोर जैसलमेरजवळचं वाळवंट होतं. सूर्य उगवायला दहा मिनिटं बाकी होती. वसईजवळ निर्मळला आमच्या वाडीत पप्पा केळी, भाजी आणि सोनचाफा लावतात. रिकामी जमीन दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. मला मात्र नेमकी ही रिकामी जमीनच हवी होती.

कारण एक फोटोंची स्पर्धा. तिच्याबद्दल मी घरी अवाक्षर काढलं नव्हतं. (मी घरी सहसा काहीच सांगत नाही. सांगितलं की त्याचा कार्यक्रम होतो.) आजवर मी काढलेला एकही फोटो मी कोणाला दाखवलेला नाही, हा पहिलाच पाठवणार होते. नियम दोन. फोटोत माणसाची कुठलीही खूण नको, आणि नंतर कॉम्प्युटरवर काही पुसायचं नाही. शेवटची तारीख आजची. दुपारी आमची परतीची गाडी. म्हणजे हातात ही एकच सकाळ, आणि त्यातही कोवळ्या उन्हाची जेमतेम पंधरा मिनिटं, जेव्हा वाळूवरच्या लाटांच्या सावल्या पडतात.

म्हणून मी सगळ्यांच्या आधी, नीट उजाडलंही नव्हतं तेव्हा, मोबाइलच्या टॉर्चवर येऊन जागा हेरून गेले होते. मग ट्रायपॉड आणायला तंबूत परतले, तर तिथे आई, पप्पा आणि आत्या स्वेटर घालून, थर्मास भरून, रांगेत उभे!

“एकटी कुठे जातेस गं बाय? आम्ही येतो ना सोबतीला,” आत्या म्हणाली.

नको, मी म्हणाले. मनात. तेही इंग्रजीत.

ट्रायपॉड लावला, कॅमेऱ्यातून पाहिलं, तर समोर आत्या. वाळूच्या टेकडीच्या बरोब्बर माथ्यावर फतकल मारून ती वसईहून आणलेली सुकेळी, म्हणजे पानात बांधलेली सुकी केळी, सोडत होती.

“आत्या, जरा... बाजूला...”

“माझा काढतेस? थांब, पदर नीट करते.”

“नाही, म्हणजे... कोणाचाच नको.”

“कोणीच नसलेला फोटो?” आत्याचा सुकेळं धरलेला हात हवेतच थांबला. “मग आपण इथे आलो होतो हे लोकांना कळणार कसं?”

“तिला नुसती वाळू हवीय हो,” आई म्हणाली. “कलात्मक.” (आई ‘कलात्मक’ ज्या आवाजात म्हणते, त्याच आवाजात ‘ॲसिडिटी’ म्हणते.)

आत्या उठली आणि उतरली. सरळ फोटोच्या मधून, घसरत! मागे भाताचं पोतं ओढत नेल्यासारखी खूण. मी डोळे मिटले, दहा आकडे मोजले आणि कॅमेरा डावीकडच्या टेकडीकडे वळवला. तर तिच्या माथ्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, शिलाई मशीनने टीप घातल्यासारखी पावलांची रांग!

“कोणीतरी चालून गेलंय,” मी पुटपुटले. हीच चूक झाली.

आमच्यामागे चहा पीत उभा असलेला उंटवाला म्हणाला, “हवा चलेगी तो अपने आप मिट जाएगा, बेटी.”

“कब चलेगी?”

“शाम को.”

“एवढंच ना?” आई म्हणाली. “पुसून टाकू!” आणि ती तंबूतून झाडू घेऊन आलीसुद्धा.

आईने झाडायला सुरुवात केली. अर्ध्या टेकडीवरची पावलं गेली. पावलांबरोबर वाऱ्याने कितीतरी दिवस खपून काढलेल्या लाटाही गेल्या, आणि त्यांच्या जागी झाडूचे फराटे आले. शेजारी आईची स्वतःची पावलं उमटली, म्हणून ती उलटी चालत तीही पुसू लागली, आणि आत्याला धडकली. मग दोघींची पावलं.

“बघ, किती स्वच्छ झालं!” आई धापा टाकत म्हणाली. वसईपासून दीड दिवसाचा प्रवास करून मी आमचंच अंगण बघत होते.

“पण त्या रेघा होत्या ना वाळूवर... त्या हव्या होत्या.”

“रेघा?” पप्पांचे डोळे चमकले.

मी नको म्हणेपर्यंत ते गुडघ्यांवर बसलेही होते. बोटं फाकवून, दंताळं ओढावं तशी त्यांनी वाळूत ओढली. “किती अंतर ठेवू? वीतभर पुरे?” पाच मिनिटांत टेकडीच्या अंगावर सरळ, सारख्या अंतराचे वाफे तयार! कडेने पाण्यासाठी पाटसुद्धा. (कुठलं पाणी?!)

“साहब, इसमें लगाओगे क्या?” उंटवाल्याने आदराने विचारलं.

“मुळा येईल,” पप्पा ठामपणे मराठीत म्हणाले.

तेवढ्यात सूर्य वर आला. हवं होतं तसंच तिरपं, मधासारखं ऊन. त्यात मुळ्याचे वाफे झळकत होते.

टेकडीचं पलीकडचं टोक तेवढं शिल्लक होतं. तिथल्या लाटा शाबूत होत्या, आणि त्यांच्यावरून गेलेली ती मघाची पावलंही. मी हताशपणे तिकडे बोट दाखवलं. आईने झाडू उचलला.

“थांब,” पप्पा म्हणाले. “आधी कोण ते बघू.”

वाडीतली चाफ्याची फुलं चोरीला गेली की पप्पा ओल्या वाफ्यातली पावलं बघून चोर सांगतात. आताही ते कडेने जाऊन उकिडवे बसले. “चपला नाहीत, बूट आहेत. टाचेखाली चांदणी. पाय लहान. डावी टाच जास्त दाबते. जाताना सावकाश गेलाय, येताना घाईत.”

आत्याने तपास हाती घेतला. पप्पांचे सँडल होडीएवढे, आई अनवाणी, स्वतः आत्या स्लिपरमध्ये. मग तिने नाल ठोकायला घोड्याचा धरावा तसा उंटवाल्याचा पाय धरला. “मोजडी. सपाट. सुटलास!” बिचारा एका पायावर “जी” म्हणाला.

“मग हे शेजारच्या तंबूतलेच!” आत्या कडाडली. “संध्याकाळभर मोठ्याने गाणी लावतात, आणि सकाळी आमच्या पोरीच्या वाळूवर नाचतात? उठवतेच त्यांना!” आणि ती निघालीच. मागोमाग आई, झाडू घेऊन.

पप्पा मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी पावलांकडे पाहिलं. मग माझ्या बुटांकडे पाहिलं. मग हातावरची वाळू झटकून, पाऊस पडेल का याचा अंदाज घेतल्यासारखे आभाळाकडे बघत राहिले.

मी उजवा पाय उचलला. टाचेखाली चांदणी. डाव्या बुटाची टाच नेहमीसारखी झिजलेली. सकाळपासून मी मनातल्या मनात सबंध घराण्याला शिव्या घालत होते, आणि टॉर्च हातात घेऊन, जागा हेरत, या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरलेली बाई...

ऊन पांढरं व्हायला लागलं होतं. आत्या तंबूशी पोचली. तिने चेनला हात घातला. आतून कोणीतरी झोपेत “कौन?” म्हणालं.

मग मी इतक्या मोठ्याने ओरडले, की बसलेला उंट उठून उभा राहिला.

“आत्या, थांब! ते पाय माझेच आहेत! आई, झाडू इकडे दे!”