ताईचं वर्कबुक आणि पाण्याचा गंज

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियात वर्गावर होतो. डेंग्यूचं निमित्त झालं आणि सगळं आटोपलं… आता दीडेक महिना होतोय. रडणं सरलं, लाज काही सरत नाही.

माझी ही थोरली बहीण आमगावला राहायची. रागीट किती, तर जेवायला बसलेल्या जावयाच्या अंगावर ताट फेकलं होतं. तेव्हापासून तिची एकुलती एक लेक, रूपाली, माहेरी येईनाशी झाली. लेकीपायीच ताई समुपदेशक मॅडमकडे गेली. मॅडमनी डीबीटी सांगितली, म्हणजे उसळलेलं मन आवरायची कौशल्यं, आणि ती घरी गिरवायला एखादं वर्कबुक घ्या म्हणाल्या. मी इंग्रजीचा प्राध्यापक, म्हणून निवडायचं काम माझ्याकडे आलं.

दुकानात मी आपला जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढला. ताईनं एक पातळ हिंदी पुस्तक मधूनच उघडलं, ओठ हलवत पान वाचलं आणि तिथंच डोळे मिटून लांब श्वास सोडू लागली. मी हळूच पेनांच्या काउंटरकडे सरकलो. दुकानदारानं विचारलं, "किसके लिए है, सर?"

"कॉलेज के बच्चों के लिए," मी म्हणालो.

ताईनं डोळे उघडले, बोट स्वतःकडे केलं. "मायासाठी हाये. जे इथं उभ्यानं जमते, तेच घरी होईन. तुया जाड्या पुस्तकात लिवाले जागाच नाई." बाहेर येऊन मी ते पातळ पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळू लागलो, तर म्हणे, "काऊन लपवून राहिला? चोरून आनलं का?"

त्यात एक उपाय होता, राग चढला की थंड पाण्यात तोंड बुडवायचा. ताईनं माठाजवळ जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं, भरून ठेवला. बोलता बोलता उठायची, त्यात तोंड घालायची, निथळत परत येऊन "हं, आता बोल," म्हणायची. शेजारी हसत. पण रूपाली परत माहेरी येऊ लागली, बाळंतपणालाही आईकडेच राहिली.

तेरवीला आमची मामी ताईबद्दल म्हणाली, "डोक्शात गरमी होती पोरीच्या, म्हशीवानी पान्यात तोंड घाले." पंगत हसली. मीही हसलो… वाढता वाढता रूपालीनं फक्त माझ्याकडे पाहिलं. मामी, तो इलाज होता, एवढंच म्हणायचं होतं. तेवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

गेल्या रविवारी आमगावला ताईच्या घरी गेलो तर गंज जागेवरच होता, भरलेला. रूपाली अजून तिथंच आहे, रोज पाणी बदलते. पंगतीतलं माझं हसू आठवलं आणि स्वतःचाच असा संताप आला की मी गंजापाशी जाऊन वाकलो… पण त्याआधी मान वळवून पाहून घेतलं, कुणी बघत तर नाही ना.