लेथवरचे लाल आकडे

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कधी शाळेत शिकवलं नाही. ते टर्नर. छत्तीस वर्षं कारखान्यात लेथवर धातू कातण्यात घालवली आणि हाताखाली इतकी माणसं तयार केली, की ‘मास्तर’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. निवृत्त झाल्यावर घरामागच्या खोलीत त्यांनी स्वतःचा लेथ मांडला. जुनाच, पण असा घासूनपुसून ठेवलेला, की त्यांची बायको म्हणायची, माझ्या भांड्यांच्या नशिबी असलं सुख नाही. ती शिवणकाम शिकवायची, म्हणून गल्लीत सगळे तिला बाई म्हणत.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या डोळ्यांनी दगा दिला. माणसं दिसत, दारं-खिडक्या दिसत; पण लेथच्या हँडलभोवती जी डायल असते, तिच्यावरच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळून जाऊ लागल्या. आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. तेव्हापासून बाई लेथजवळ स्टूल टाकून बसू लागल्या. त्या भिंगातून रेघा वाचत आणि मास्तर हँडल फिरवत. पण बाईंनी सांगेपर्यंत आणि मास्तरांचा हात थांबेपर्यंत एखादी रेघ निसटायचीच. गेल्या महिन्यात पंप दुरुस्त करणाऱ्याचं एक काम आलं होतं, दांड्यावर बसवायची पितळी बुश, बाहेरून बावीस मिलिमीटर जाडीची आखूड नळी. ती सलग तीनदा बिघडली. तिसऱ्यांदा मास्तरांनी लेथ पुसला आणि जुन्या शिष्याला फोन करून सांगितलं, लेथ घेऊन जा. शिष्य आता स्वतःचा कारखाना चालवत होता. तो रविवारी सकाळी टेम्पो आणतो म्हणाला. त्या रात्री मास्तर जेवले नाहीत.

बाईंनी लेकीला फोनवर काय सांगितलं ते त्यांनाच ठाऊक. गुरुवारी दारात एक लांबट खोकं आलं. आत एक काचेची पट्टी, तिच्यावरून सरकत माप टिपणारा वाचक आणि आकडे दाखवणारी पेटी. पट्टी लेथला बसवायची. कातणारं पातं धरणारं सरकतं अंग जेवढं हलेल तेवढं पेटीवर उमटणार. मास्तरांनी आधी नाक मुरडलं. मग बाईंनी पेटीला वीज दिली आणि बोटाएवढे लाल आकडे उजळले. मास्तर चार पावलं मागे गेले. तिथूनही शून्य शून्यच दिसत होतं. आणखी मागे गेले, दाराला टेकले, तरी दिसतच होतं.

“अगं, ड्रिल कुठे ठेवलंय?” ते म्हणाले.

शुक्रवारी मास्तरांच्या अंगात वारं शिरलं. ॲल्युमिनियमच्या कोनाचे तुकडे कापून त्यांनी आधार तयार केले. लेथच्या अंगाला पहिलं भोक पाडताना मात्र हात अडखळला. स्वतःच्या दाराला खिळा ठोकतानाही माणूस थांबतो, तसे ते थांबले आणि मग पाडलं. पट्टी अगदी सरळ बसायला हवी, तसूभरही तिरकी नको. बाई तिरकेपणा दाखवणाऱ्या काट्याच्या गेजवर डोळ्यांत तेल घालून बसल्या. वाचक आणि पट्टी यांच्यात नेमकी फट राहावी म्हणून त्यांनी शिवणाच्या डब्यातलं जाड पुठ्ठ्याचं कार्ड सरकवून पाहिलं. दुपारचं जेवण चार वाजता झालं आणि कुणाची तक्रार नव्हती.

शनिवारी घोडं अडलं. मास्तरांनी हँडल फिरवलं, बाईंनी डायलवर बरोबर एक मिलिमीटर वाचला आणि पेटी म्हणाली, अर्धा. पुन्हा केलं. पुन्हा अर्धाच. मास्तरांनी पट्टी उतरवली, पुसली, पुन्हा बसवली. अर्धाच. दुसऱ्यांदा सगळं उतरवल्यावर ते मटकन खाली बसले आणि पेटीला, लेकीला, पेटी बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना नावं ठेवू लागले. उद्या सकाळी टेम्पो येणार होता.

बाई तोवर डायलकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, ही डायल काय मोजते, पात्याचं सरकणं की दांड्याची जाडी? जाडी, मास्तर म्हणाले, हे काय विचारणं झालं.

“मी कापड दुमडून अर्धा इंच कापते, तेव्हा उलगडल्यावर एक इंच कमी होतो,” बाई म्हणाल्या. “तुमचा दांडाही फिरतो ना? मग दोन्हीकडून जातंय. पेटी सरकणं मोजतेय, तुम्ही जाडी.”

छत्तीस वर्षं डायलच सरकणं दुप्पट करून सांगत आली होती. मोजायचं काय असतं हेच मास्तर विसरून गेले होते. मग ते इतके हसले की चष्मा पुसावा लागला. माहितीपत्रकात व्यासाचं, म्हणजे जाडी दाखवणारं बटण सापडलं, बाईंनी पट्टी परत चढवायला हात लावला आणि संध्याकाळच्या आत नवी बुश कातून तयार झाली.

रविवारी शिष्य दोन माणसं आणि टेम्पो घेऊन हजर. मास्तरांनी त्याच्या हातात बुश आणि जाडी मोजायचा मायक्रोमीटर ठेवला, कारण त्यावरच्या रेघाही त्यांना दिसत नव्हत्या. मोज, म्हणाले. शिष्याने मोजली, फिरवून पुन्हा मोजली. बावीसला बावीस, इकडे नाही की तिकडे नाही. तो पेटीकडे गेला, हँडल थोडं फिरवून आकडे पळताना पाहिले आणि मास्तरांकडे वळला.

“शब्द दिलाय तुला,” मास्तर म्हणाले. “न्यायचा तर ने.”

“मास्तर, तुम्ही काम सोडलंत म्हणून मी लेथ सांभाळायला नेत होतो,” शिष्य म्हणाला. “तुम्ही कुठे सोडलंय?”

चहा झाल्यावर टेम्पो आला तसा रिकामा गेला. मास्तर दारातून परत आले तेव्हा लेथमध्ये पितळेचा नवा तुकडा लागलेला होता आणि बाई बाह्या वर सारून हँडलजवळ उभ्या होत्या. दोन वर्षं नुसत्या रेघा वाचल्या, त्या म्हणाल्या, एकदा तरी फिरवू द्या.

मास्तरांनी आयुष्यात आपल्या लेथवर दुसऱ्या कुणाला कातू दिलं नव्हतं. ते स्टूल भिंतीशी ओढून बसले.

“तेवीस,” त्यांनी भिंतीशेजारून लाल आकडे वाचायला सुरुवात केली. “साडेबावीस. हळू. बावीस पॉइंट एक. अगं, हळू. बावीस.”

बाईंचा हात तिथेच थांबला.