एक जुलैची गर्दी

जन्म आणि मृत्यू या दोन्ही प्रसंगांना सारख्याच उत्साहानं हार घेऊन जाणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच आहे, आणि माझं भाग्य असं की तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. मामा आर्वीच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बोरगाव मेघेला राहायला आले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण डेपोतले जुने लोक अजून त्यांची आठवण काढून हसतात. कारण मामांच्या हाती माईक आला की तो लवकर सुटत नसे. "पुलगावकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. तसेच प्रवाशांनी लक्ष द्यावे, आज आपल्या तालुक्यातील ज्येष्ठ खंजिरीवादक भागोजीबुवा यांची पुण्यतिथी आहे." प्रवासी दचकून जागच्या जागी उभे राहत. एखादा म्हातारा टोपी काढून छातीशी धरी. तेवढ्यात पुलगावची गाडी निघून जाई.

मामांकडे तीनशे सहासष्ट पानांची एक वही आहे. डेपोतल्या जुन्या वेळापत्रकांचे पाठकोरे कागद शिवून त्यांनी ती स्वतः बांधली. प्रत्येक तारखेला एक पान, पानाच्या डाव्या बाजूला जन्म आणि उजव्या बाजूला मृत्यू. या वहीत थोरामोठ्या गवयांना प्रवेश नाही. "त्याईच्यासाठी रेडिओ हाय, पेपर हाय," मामा म्हणतात. "आपल्या चिपळीवाल्याले कोन हाय?" म्हणून या वहीत आहेत ते भजनी मंडळातले मृदंगवाले, लग्नातले सनईवाले, बँडपार्टीतले ढोल-ताशेवाले, उरुसातले कव्वाल आणि शाळेतली पेटी वाजवून वाजवून तिचा भाता फाडलेल्या संगीतशिक्षिका. मामांचा नियम कडक. दोन साक्षीदार मिळेपर्यंत नोंद पेन्सिलीनं. दोन मिळाले की शाईनं. आणि ज्याचा जन्म शाईनं नाही त्याचा मृत्यू लिहायचा नाही, मग तो कितीही मेलेला असो.

नोंद झाली की मामांचं खरं काम सुरू होई. तारीख उजाडली की पहिल्या गाडीनं हार घेऊन त्या गावी हजर. एकदा ते एका ढोलकीवाल्याच्या दारात हार घेऊन उभे राहिले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आजचा दिवस कसा विसरू?" नवरा शेतावर गेला होता. बायकोनं हार पाहिला आणि असा हंबरडा फोडला की अर्धं गाव गोळा झालं. "जन्माचा हार हाय, बाई! जन्माचा!" मामा ओरडत होते, पण ऐकतो कोण! तेव्हापासून जन्माला झेंडू आणि मृत्यूला शेवंती अशी त्यांनी शिस्त लावून घेतली. ही शिस्त मामांखेरीज कुणालाच ठाऊक नसल्यामुळे हंबरड्यांत फारसा फरक पडला नाही.

माझ्या लग्नाचं तर विचारूच नका. मुहूर्ताची तारीख ऐकताच मामांनी वही उघडली आणि कपाळावर हात मारला. त्या दिवशी हिंगणघाटच्या एका सनईवाल्याचं निधन झालेलं. तारीख बदलायला आमच्याकडचे तयार होईनात. शेवटी मामा कबूल झाले, पण मंगलाष्टकं ऐन रंगात असताना ते बोहल्यासमोर आले, हात वर करून भटजींना थांबवलं आणि म्हणाले, "एक मिनिट स्तब्धता." सगळा मांडव चिडीचूप. आमच्याकडच्या बायकांत कुजबुज सुरू झाली, "कोन गेलं वं? नवरीकडचं का?" माझी आई तर अंतरपाटाआडून मी आहे ना, हे पाहून गेली. दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला मामांचा फोन येतो. आधी दोन शब्द सनईवाल्याबद्दल, मग आमच्याबद्दल, वेळ उरली तर.

आता यातली खरी गंमत सांगतो. संगीतासाठी इतका जीव टाकणाऱ्या या माणसाला तालाचं अंग म्हणून नाही. बोरगावच्या भजनी मंडळात त्यांना मानानं पुढं बसवतात, हातात मात्र टाळ देत नाहीत. मामा मग नुसत्या टाळ्या वाजवतात. सगळ्यांची टाळी पडून गेली, शांत झाली, की मागाहून मामांची एकटी टाळी येते. गाडी उशिरा का येते हे जन्मभर लोकांना समजावून सांगितल्याचा तो परिणाम असावा.

वहीतलं सगळ्यात मोठं संकट म्हणजे एक जुलै. आमच्याकडच्या जुन्या लोकांच्या जन्मतारखा आईबापांनी नाही, गुरुजींनी ठरवल्या. पोराला शाळेत घालायला आणलं, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला, की गुरुजी लिहून टाकत, एक जुलै. त्यामुळे मामांच्या वहीत एक जुलैला बेचाळीस कलावंत जन्मले होते. पान पुरेना म्हणून पुरवण्या चिकटवल्या होत्या. वही उघडली की ती आपोआप एक जुलैलाच उघडे. "या दिवशी जिल्ह्यात जन्मलं की कलावंतच होतो का, मामा?" मी एकदा विचारलं. मामा भडकले. "हसून काय राह्यले, जवाईबापू? ह्या बेचाळीस लोकाइले सोताचा दिवसच नाई! सारे एका फलाटावर उभे करून ठेवले गुरुजीनं. ज्याच्या त्याच्या गाडीत बसवून द्या लागते."

आणि खरोखर, निवृत्तीनंतरची वर्षं मामांनी या कामात घातली. रद्दीतून जुनी पंचांगं जमवली. म्हाताऱ्याकोताऱ्यांसमोर बसून विचारायचं, पूर कोणत्या साली आला होता, विहीर कधी खोदली, गाय कधी व्याली, तेव्हा हे पोरगं रांगत होतं की चालत होतं. एकेकाला एक जुलैतून उचलून त्याच्या हक्काच्या तारखेवर नेऊन बसवलं. करता करता त्या पानावर एकच नाव उरलं. सुखदेव मास्तर.

सुखदेव मास्तर म्हणजे आर्वीजवळच्या एका गावातल्या बँडपार्टीचे क्लॅरिनेटवाले. तीस-चाळीस वर्षं या पट्ट्यातली एकही वरात त्यांच्याशिवाय हलली नाही. ते वाजवायला लागले की नवरदेवाच्या घोड्याचीही चाल बदले. मग डीजे आले, बँड मोडला आणि मास्तरांनी क्लॅरिनेट पेटीत बंद करून पेटी माळ्यावर टाकली. मामा दर महिन्याला जाऊन म्हणायचे, "मास्तर, एकदा काढा ना." एकदा कटकट थांबावी म्हणून मास्तर बोलून गेले, "मायी खरी जन्मतारीख आनून द्या साहेब, त्या दिवशी वाजवतो." झालं! मामांनी ते करारासारखं धरलं. पण मास्तरांचे आईवडील केव्हाच गेलेले, आणि जिला माहीत असेल ती थोरली बहीण बायजाबाई काही केल्या तोंड उघडेना. पंच्याऐंशीच्या घरातली बाई. मामा गेले की ती म्हणे, "शाळेत लिहेल हाय थेच खरं. जा."

तीन वर्षं मामा तिच्या दारी खेटे घालत होते. त्यातच मास्तरांना दम लागू लागला. सेवाग्रामच्या दवाखान्यात दोनदा राहून आले. मामांचा चेहरा पहिल्यांदाच उतरलेला पाहिला मी. "जवाईबापू," ते हळू आवाजात म्हणाले, "ह्या मानसाले जन्म नाई भेटला आन् तसाच गेला, तं मी त्याले कुठं लिहू?"

गेल्याच्या गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मामांनी मला गाडी काढायला लावली. मास्तरांनाही सोबत घेतलं. आमच्याकडे हा तान्हा पोळा. लेकरं लाकडी बैल सजवून दारोदार फिरवतात आणि घराघरांतून त्यांना बोजारा मिळतो, खाऊ नाहीतर नाणं. बायजाबाई ओसरीवर बसल्या होत्या. मामांना पाहताच म्हणाल्या, "आले का? चहा घ्या, आन् तारीख सोडून काईबी विचारा." तेवढ्यात पाच-सहा पोरांचा घोळका बैल ओढत आला. त्यात एक लहानशी पोरगीही होती, तिच्या बैलाला झिरमिळ्या लावलेल्या. बायजाबाईंनी सगळ्यांच्या हातावर लाडू ठेवला. त्या पोरीच्या हातावर मात्र दोन ठेवले आणि पदर डोळ्यांना लावला.

"काय झालं वं बाई?" मास्तरांनी विचारलं.

"तुले काय सांगू? तुह्याच पायी माहा बैल गेलता!" म्हातारी एकदम कडाडली. "बापानं मायासाठी बाभयीच्या लाकडाचा बैल कोरलता. मी हट्ट करूनच राह्यलती ना, का पोराइसारका मीबी फिरवीन. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मी त्याच्या गयात माळ घातली आन् आतून तुह्या रडन्याचा आवाज आला. बाप म्हने, पोरगी कायले बैल फिरवते, पोरगा झाला, त्याच्या पाळन्याशी ठेवा. नेला बैल! अन् वरून म्हन्ते, तारीख सांग!"

मामा अर्धवट उठले होते, जणू सुटलेली गाडी त्यांना परत येताना दिसली होती. "बाई, कोन्या सालचा तान्हा पोळा?"

"मले काय साल समजते? त्या साली दोन श्रावन लागलते. दोन महिने घरात मटनाची बोटी नाई शिजली, थे ध्यानात हाय."

दोन श्रावण! मामांनी पिशवीतून पंचांगांचा गठ्ठा काढला. अधिक श्रावणाचं वर्ष त्या दहा वर्षांत एकच होतं. बोट ओळींवरून फिरत फिरत थांबलं. "पंधरा सप्टेंबर," मामा म्हणाले आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. "पन साक्षीदार एकच."

सुखदेव मास्तर इतका वेळ मान खाली घालून बसले होते. "साहेब," ते म्हणाले, "थो बैल माह्या घरी हाय. एक शिंग मोडेल हाय त्याचं. मले तं वाटे, बापानं मायासाठीच केलता." मामांनी क्षणभर विचार केला आणि वही मांडीवर घेऊन शाईनं लिहिलं. ती नोंद मी आजही कुणालाही दाखवायला तयार आहे. साक्षीदार पहिला, बायजाबाई. साक्षीदार दुसरा, बैल (लाकडी).

बारा दिवसांनी पंधरा सप्टेंबर आला. मामांनी झेंडूचा असा हार आणला की त्यात मास्तर दिसेनात. मास्तरांनी आधी बहिणीच्या ओसरीवर जाऊन तिच्या मांडीवर तो एकशिंगी बैल ठेवला. ती म्हणाली, "आता कायले? मायी उमर हाय का बैल फिरवाची?" आणि दिवसभर तो खाली ठेवला नाही. मग मास्तरांनी पेटी उघडली. पहिल्या फुंकेला नुसती हवा आली. दुसऱ्या फुंकेला एक चिरका आवाज. मास्तर थांबले, दम घेतला, आणि तिसऱ्यांदा ओठ लावले तेव्हा त्या गल्लीतल्या चार-पाच बायका हातातलं काम टाकून दारात आल्या. त्यांच्यापैकी एकीनं मला सांगितलं, "मायी वरात याच आवाजावर आलती." दहा मिनिटंही झाली नसतील वाजवून. पण तेव्हापासून पेटी माळ्यावर गेली नाही. रोज सकाळी थोडं वाजवतात, आणि दम आता वाजवल्यानंतर कमी लागतो असं त्यांचं म्हणणं आहे. डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही.

निघताना मास्तरांनी मामांना विचारलं, "साहेब, तुमची तारीख कोन्ती?"

"मायी?" मामा हसले. "एक जुलै. गुरुजीची."

"मंग शोधा ना खरी."

"मायी कोन शोधते? सांगनारं कोनी उरलं नाई. अन् वही वाजवनाऱ्याइची हाय. मी कुठी वाजवतो?"

यंदा एक जुलैला सकाळी मी आणि बायको मामांकडे गेलो तर अंगणात सुखदेव मास्तर बसलेले. एसटीनं एकटे आले होते, मांडीवर पेटी, हातात झेंडूचा हार. मामा संकोचून इकडेतिकडे पाहत होते. दुसऱ्यांच्या दारी शेकडो हार नेलेल्या माणसाला आपल्या दारी आलेला हार कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. मास्तर म्हणाले, "आमी बेचाळीस जन उठून आपापल्या तारखेवर गेलो, साहेब. एक जुलैले आता कोनीच नाई. तुमी तरी राहा थ्या फलाटावर." आणि वाजवायला लागले.

मामांनी डोळे मिटले आणि गुडघ्यावर टाळी धरली. अर्थातच उशिरा. मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं जमिनीकडे. दुसरं आवर्तन, पुन्हा तसंच. तेव्हा मास्तरांनी वाजवता वाजवताच डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं आणि एक स्वर थोडा लांबवला. नुसता इतकासाच. वरातीत अडलेल्या घोड्यासाठी थांबावं तसं अख्खं गाणं मामांसाठी थांबलं, आणि मामांची टाळी नेमकी समेवर पडली. मग पुढची पडली. मग पुढची. मामांनी डोळे उघडले. ते पाण्यानं भरले होते. "जवाईबापू, पाह्यलं? आज बराबर पडून राह्यली!"

गाणं संपलं तसे मास्तर म्हणाले, "वही आना." एक जुलैचं पान काढून त्यांनी शाळकरी अक्षरात मामांचं नाव घातलं, आणि पुढं लिहिलं, टाळीवादक. मामांनी वही ओढली. "खोडा थे! पेन्सिलनं लिहा. साक्षीदार कुठी हाय?" मास्तरांनी पहिल्या साक्षीदाराच्या जागी स्वतःची सही केली आणि पेन माझ्यापुढे धरला. टाळी समेवर पडली की समच टाळीपाशी चालत आली, हे त्या अंगणात मला, बायकोला आणि मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. मामा लहान पोरासारखे माझ्या तोंडाकडे पाहत होते. आयुष्यात खोटी साक्ष मी ती एकदाच दिली, आणि तीही शाईनं.